झडप बदलल्यानंतरची धडधड : सिडकोतल्या एका रुग्णाचं प्रकरण

हृदयाची झडप बदलून घरी आलेल्या पुष्कळ रुग्णांना छातीतले ठोके नव्याने जाणवू लागतात. बहुतेक वेळा त्यात धोका नसतो, पण कधीकधी असतो, आणि घाबरलेल्या घरात हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातं. खालचं प्रकरण अशा मिसळलेल्या तक्रारीचं आहे. रुग्णाच्या संमतीने लिहिलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू. मी त्यांची नाशिकमधली फॅमिली डॉक्टर. शस्त्रक्रिया मुंबईत झाली, हृदयाची तपासणी नाशिकच्याच एका हृदयरोगतज्ज्ञांनी केली, आणि या दोन टोकांच्या मध्ये जे उरतं ते माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

सुनंदाताई ४९ वर्षांच्या. त्रिमूर्ती चौकाजवळ त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे आणि अंबडच्या कारखान्यांत त्यांचे डबे जातात. माहेर सुरगाणा तालुक्यातलं. अकरा-बारा वर्षांच्या असताना घसा दुखून गेल्यावर त्यांचे गुडघे आणि घोटे सुजले, ताप आला, शाळा बुडाली. घरच्यांनी वात समजून शेक-लेप केला. सूज उतरली तसा विषय संपला.

तो रुमॅटिक फीवर होता. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र पुढची कित्येक वर्षं हळूहळू जाड आणि ताठर होत जाते. तेव्हाच निदान झालं असतं, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन पुढची पडझड बरीच रोखता आली असती.

चाळिशीनंतर जिना चढताना दम लागू लागला. तो आधी वजनावर, मग पाळी जाण्याच्या काळावर ढकलला गेला. शेवटी टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप जेमतेम ०.९ चौरस सेंटिमीटर उघडते. निरोगी माणसात ते तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटरचं असतं. झडपेवर कॅल्शियम साचलेलं, शिवाय गळतीही होती, त्यामुळे फुग्याने झडप उघडायचा मार्ग बंद झाला. कृत्रिम झडप बसवायची ठरली आणि ती यांत्रिक असावी असंही ठरलं. प्राण्याच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर लागतेच असं नाही, पण या वयात ती काही वर्षांनी झिजते आणि छाती पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते. यांत्रिक झडप टिकते, पण गोळी कायमची. लोक तिला ‘मेटलची’ म्हणतात. तिची दोन पाती खरं तर कार्बनची असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन झालं, म्हणजे वरच्या कप्प्यांचा ताल सुटून ठोके वेडेवाकडे पडू लागले. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे बऱ्याच जणांना होतं. अमियोडॅरॉनने ताल परत आला. घरी जाताना अमियोडॅरॉन, सकाळ-संध्याकाळ मेटोप्रोलॉल (ठोके आवरणारी, बीपीही उतरवणारी गोळी) २५ मिलिग्रॅम, लघवीची गोळी, लोहाची गोळी आणि वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी ती कायमची गोळी, लिहून दिलं होतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा (जितका जास्त तितकं रक्त पातळ), २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचं होतं. डिस्चार्जच्या दिवशी ते २.८ होतं. कागदावर सगळं इंग्रजीत आणि ठोक्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

समस्या

रुग्णालयात मॉनिटरचे आवाज, परिचारिकांची ये-जा, शेजारच्या खाटेवरचा खोकला. घरी आल्यावर डिसेंबरातलं नाशिक, रात्री खिडक्या बंद, पंखेही बंद. त्या शांततेत सुनंदाताईंना पहिल्याच रात्री दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे बारीक ‘टिक टिक’, जी नवऱ्यालाही ऐकू येत होती. सासूबाई म्हणाल्या, “हिच्या छातीत घड्याळच बसवलंय.” दुसरी गोष्ट नवऱ्याला ऐकू येत नव्हती: प्रत्येक ठोका छातीच्या हाडावर आतून आदळल्यासारखा, गादी हलल्यासारखा. डाव्या कुशीवर वळलं की दुप्पट.

टिकटिकीची सवय होईल असं मुंबईहून सांगितलं होतं, आणि तिचा त्यांना फारसा त्रासही नव्हता. आदळणं मात्र सहन होईना. करोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर आलं. बोटावरचे नाडीचे आकडे बघायचे, ९६ दिसले की घाबरायचं, घाबरल्यावर १०४ दिसायचे. भाचीने बीपीचं यंत्र आणून दिलं, ते तासातासाला. त्या खुर्चीत बसून झोपू लागल्या. स्वयंपाकघरात उभं राहणं बंद झालं, आंघोळीला दार उघडं ठेवून जाऊ लागल्या.

मुंबईच्या रुग्णालयात फोन केला तर उत्तर मिळालं, “नॉर्मल आहे, होतं असं.” ते चूक नव्हतं, पण काय नॉर्मल आणि काय नाही, याची रेघ कुणी ओढून दिली नाही. आणि रेघ नसली की पहाटे तीन वाजता ‘नॉर्मल’ या दिलाशाचा काही उपयोग होत नाही.

शस्त्रक्रियेला चार आठवडे होत आले तेव्हा त्रास अचानक वाढला. एका रात्री नाडी ११२ वर गेली आणि तासभर तिथेच राहिली. सकाळी घरातली सगळी माणसं माझ्याकडे आली.

तक्रार उलगडताना

धडधडीच्या रुग्णाला मी “टेबलावर बोटाने ठोका वाजवून दाखवा” असं सांगते. वर्णनापेक्षा त्यातून जास्त कळतं. सुनंदाताईंनी जलद पण एकसारखा ताल धरला, मध्येच बोट उचलून थांबल्या, आणि मग एक जोरात थाप दिली. म्हणजे ताल बराचसा नियमित, अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. अशा ठोक्यानंतर क्षणभर विराम मिळतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं, आणि पुढचा ठोका धक्क्यासारखा लागतो.

मग गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला लावली. मेटोप्रोलॉलच्या गोळ्या हिशेबापेक्षा जास्त उरल्या होत्या. संध्याकाळची गोळी आठवड्यापासून बंद होती. यंत्रावर ९८/६२ दिसलं म्हणून पाथर्डी फाट्यावर मेडिकल चालवणाऱ्या पुतण्याने “बीपी लो आहे, काकू, संध्याकाळची नको” असं सांगितलं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण चक्कर नसताना, हातपाय गार नसताना शस्त्रक्रियेनंतर एवढं बीपी चालतं, आणि ही गोळी एकदम कमी केली की हृदय उसळतं.

तपासणीत ताप नव्हता. बीपी १०४/६६, फुप्फुसं स्वच्छ, मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, जखम कोरडी. स्टेथोस्कोपने झडपेचा आवाज कडक, सुस्पष्ट आला. हे महत्त्वाचं होतं, कारण यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी बसू लागली की तो आवाज दबका होतो. पापण्यांच्या आत मात्र फिकटपणा होता.

इथे थोडं थांबून, शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ठोके एवढे का जाणवतात ते सांगते, कारण सुनंदाताईंनाही मी ते त्याच दिवशी सांगितलं.

शस्त्रक्रियेत हृदयाभोवतीचं आवरण उघडतात आणि पुष्कळदा ते पूर्ण शिवत नाहीत. हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, आणि भरताना हृदयाचा पुढचा भाग हाडाच्या मागे जवळ चिकटतो. पूर्वी मध्ये असलेली सैल जागा राहत नाही, आणि ठोका थेट हाडापर्यंत पोचतो. त्यात झडपेच्या पात्यांचा आवाज हाडांतून चांगला वाहतो. बारीक अंगकाठी असेल, तोंड उघडं असेल किंवा न्हाणीघरासारखी घुमणारी खोली असेल तर तो जास्त ऐकू येतो.

दुसरं कारण आनंदाचं आहे, पण रुग्णाला तसं वाटत नाही. अरुंद झडपेमुळे सुनंदाताईंचा डावा खालचा कप्पा वर्षानुवर्षं अर्धवट भरत होता. झडप मोकळी झाल्यावर तो नीट भरू लागला, आणि प्रत्येक ठोक्याला आधीपेक्षा जास्त रक्त बाहेर पडू लागलं. शरीराला या जोराची ओळखच नव्हती.

याशिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाडी एरवीपेक्षा जलदच असते. रक्त कमी झालेलं असतं, अंगातली ताकद गेलेली असते, आणि सगळं लक्ष छातीकडे लागलेलं असतं. यातलं प्रत्येक कारण ठोका वाढवतं, पण झडप बिघडल्याचं लक्षण यातलं एकही नाही.

समोरचे पर्याय

घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. मुलाला त्याच दिवशी गाडी काढून कसारा घाट उतरायचा होता. नवऱ्याला झोपेची गोळी हवी होती. त्यांचं म्हणणं, ही झोपली की निम्मा आजार जाईल. नणंदेने अर्जुनाच्या सालीचा काढा करून आणला होता. पुतण्या म्हणत होता, सव्वा महिन्याच्या तपासणीला मुंबईला जायचंच आहे, तोवर थांबू.

थांबणं मला पटलं नाही. यांत्रिक झडपेवर गुठळी बसण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि चौथ्या आठवड्यात अचानक वाढलेली धडधड मनाची म्हणून सोडून द्यायची नसते. झोपेची गोळीही त्या दिवशी नको म्हटलं. खुर्चीत बसून झोपणाऱ्या माणसाला आडवं पडल्यावर खरोखर दम लागतो का, की नुसती भीती वाटते, हे आधी कळायला हवं होतं. सुनंदाताईंना दवाखान्याच्या टेबलावर दहा मिनिटं आडवं झोपवलं. श्वास बदलला नाही. खुर्ची भीतीपोटी होती.

काढ्याला ठाम नकार दिला. वॉरफरिन घेणाऱ्याच्या पोटात काय जातं याचा हिशेब आयएनआरमध्ये उमटतो, आणि काढ्याचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. नणंद नाराज झाल्या. त्यांच्यासाठी मी दुसरं काम शोधलं, ते पुढे येईल.

मुंबईला नेणं अवास्तव नव्हतं. पण बीपी, श्वास, शुद्ध सगळं ठीक होतं, आणि लागणाऱ्या तपासण्या नाशिकमध्ये होणाऱ्या होत्या. हाड जुळत असताना चार-पाच तासांचा प्रवास, तोही निदानाशिवाय, यात फायदा दिसेना. म्हणून ठरलं: आजच ईसीजी आणि रक्त, आजच इको, आणि त्यातून काही निघालं तर मुंबई. मुंबईच्या टीमला फोनवर कळवलं आणि इकोचे फोटो पाठवायचं ठरलं.

काय सापडलं, काय ठरवलं

ईसीजीत नाडी १०२, ताल सरळ, अधूनमधून वेळेआधी पडणारे ठोके. हिमोग्लोबिन ८.९, शस्त्रक्रियेआधी ते ११.८ होतं. आयएनआर ४.३. डिस्चार्जनंतर ते फक्त एकदाच तपासलं गेलं होतं. थायरॉइड ठीक होतं. अमियोडॅरॉनमध्ये आयोडीन भरपूर असतं, म्हणून ते पाहणं भाग होतं.

आयएनआर चढायची दोन कारणं स्पष्ट होती. अमियोडॅरॉन वॉरफरिनचा परिणाम वाढवतं, आणि हा परिणाम काही आठवडे चढतच जातो. शिवाय कुणीतरी ‘पालेभाज्या बंद’ सांगितल्यामुळे मेथी, पालक, शेपू, अगदी कोथिंबीरसुद्धा घरातून गेली होती. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं हे खरं. पण त्या सोडायच्या नसतात, रोज साधारण तेवढ्याच खायच्या असतात, म्हणजे गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो. (मुलाने तर नेटवर ग्रेपफ्रूट टाळा असं वाचून घरातली द्राक्षंही बंद केली होती. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातलं फळ आहे. दिंडोरीच्या द्राक्षांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.)

त्यानंतर इकोमध्ये खरा अडखळण्याचा क्षण आला. नव्या झडपेतून रक्त जाताना दाबात किती फरक पडतो, म्हणजे मीन ग्रेडियंट, तो ७ आला. मिट्रलच्या जागी ५ पर्यंतचा आकडा निश्चिंत करणारा, ६ ते १० शंकेचा. अहवालाच्या तळाशी ‘झडपेत अडथळा नाही ना, पाहावे’ अशी ओळ आली, आणि ती मुलाने वाचली.

हृदयरोगतज्ज्ञांनी त्या एका आकड्यावर निर्णय घेतला नाही. नाडी जलद असली की हृदय भरायला मिळणारा वेळ आखडतो, तेवढंच रक्त कमी वेळात झडपेतून ढकललं जातं आणि ग्रेडियंट आपोआप वाढतो. रक्त कमी असलं की प्रवाह वाढतो आणि तो आकडा आणखी वर जातो. सुनंदाताईंच्या बाबतीत दोन्ही होतं. म्हणून त्यांनी पाती स्वतः पाहिली. दोन्ही पूर्ण उघडत-मिटत होती. प्रेशर हाफ-टाइम, म्हणजे दाबातला तो फरक निम्म्यावर यायला लागणारा वेळ, मोजला. तो १३० मिलिसेकंदांच्या आत होता, म्हणजे अडथळ्याच्या विरुद्ध पुरावा. कडेने गळती नव्हती. आयएनआर कमी असता तर गुठळीची शंका वाढली असती, पण ते उलट जास्त होतं. निष्कर्ष असा की आधी नाडी आणि रक्त सुधारायचं, मग आठवड्याने पुन्हा इको.

आठवडाच का, महिना का नाही? हृदयाभोवती थोडं पाणी दिसलं होतं, ६ मिलिमीटर. शस्त्रक्रियेनंतर एवढं सापडतं. पण रक्त जास्त पातळ झालेलं असताना ते पाणी, किंवा त्यात मिसळणारं रक्त, हळूहळू वाढून हृदयावर दाब आणू शकतं. माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या अहवालांत लक्ष ठेवण्यासारखं हेच होतं. धडधडीच्या गडबडीत ते मागे पडण्याची भीती होती.

मग उपाय ठरले. रक्तस्राव नव्हता, शौचातल्या रक्ताची तपासणीही निल आली, म्हणून वॉरफरिनचा एक डोस चुकवून पुढचा कमी केला आणि चार दिवसांनी आयएनआर पुन्हा पाहिलं. मेटोप्रोलॉल दिवसातून एकदा घ्यायच्या लांब असराच्या गोळीत बदललं, म्हणजे संध्याकाळची वगळायचा प्रश्नच उरला नाही. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होत होतं, आणि हाड जुळत असताना कुंथणं बरं नाही, म्हणून लोह शिरेतून दिलं.

शेवटी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा, सलग ईसीजी नोंदवणारा छोटा यंत्रसंच, लावला, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात शिकवणारं पान तेच आहे. सुनंदाताईंनी वहीत वेळा लिहिल्या होत्या. ‘पहाटे ३.१० : फार जोरात, आता जाते असं वाटलं.’ होल्टरवर त्या वेळी नाडी ८४, ताल अगदी सरळ. उलट सकाळी अकराच्या सुमारास ताल दोन मिनिटं पूर्ण सुटला होता, एट्रियल फिब्रिलेशन, नाडी १४० च्या घरात. वहीत त्या वेळी नोंदच नाही. “तेव्हा मी गॅसवाल्याशी भांडत होते,” त्या म्हणाल्या.

ज्या ठोक्यांनी झोप उडवली ते निरुपद्रवी होते, आणि ज्यावर उपचार हवे होते ते त्यांना कळलेसुद्धा नाहीत. ती दोन पानं मी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. इतके दिवस “काळजी करू नका” म्हणून जे झालं नव्हतं ते त्या कागदांनी झालं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या छातीवर विश्वास ठेवायचा नाही तर.” तसं नाही, मी म्हटलं, छातीला एकटीला विचारायचं नाही. नाडी बघायची, श्वास बघायचा, वजन बघायचं.

होल्टरमुळे औषधही बदललं. अमियोडॅरॉन दीड महिन्यात थांबणार होतं. ते तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवायचं तज्ज्ञांनी ठरवलं.

घरासाठी नियम

ऑक्सिमीटर नणंदेच्या ताब्यात दिलं. काढ्याऐवजी त्यांना दिलेलं काम ते हेच. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पाच मिनिटं बसल्यानंतर, त्यांनीच मनगटावर पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची आणि वहीत लिहायची, ताल एकसारखा की वेडावाकडा तेही. मध्ये कितीही वाटलं तरी सुनंदाताईंनी यंत्र मागायचं नाही. रोज सकाळी लघवीनंतर वजन.

फ्रिजवर मराठीत कागद लावला. लगेच फोन करायचा तो केव्हा: शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर पंधरा-वीस मिनिटं राहिली किंवा ताल नव्याने वेडावाकडा झाला, आडवं पडल्यावर दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला. टिकटिक दबकी झाली किंवा ऐकू येईनाशी झाली. तोंड वाकडं झालं, बोबडं बोलू लागल्या, हातातली ताकद गेली. शौच काळं झालं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं. यातलं काहीच नसेल आणि नुसते ठोके जोरात असतील, तर उजव्या कुशीवर वळायचं, उठून पाणी प्यायचं, घरात दोन फेऱ्या मारायच्या.

रात्रीच्या शांततेसाठी थंडीतही टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला. वारा नको, आवाज हवा. हसू येईल, पण एवढ्याने त्यांची खुर्ची सुटली. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून त्या पलंगावर झोपल्या. चहा पाच कपांवरून दोनवर आला. चालणं आधी गॅलरीत, मग कॉलनीच्या रस्त्यावर, पुढे पहाटेचा गारठा कमी झाल्यावर गोल्फ क्लबच्या मैदानावर. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, एवढा वेग. कणीक मळणं, पातेली उचलणं हाड जुळेपर्यंत, म्हणजे तीन महिने, बंद.

पुढे काय झालं

आठवड्याने इको केला तेव्हा हृदयाभोवतीचं पाणी कमी झालं होतं, नाडी ७८ आणि ग्रेडियंट ४. झडप तीच होती, बदलली होती ती नाडी. हिमोग्लोबिन सहा आठवड्यांत ११.४ वर आलं. आयएनआर २.९.

धडधड एका दिवसात गेली नाही. महिनाभरात ती रोजची राहिली नाही, फक्त रात्रीची उरली. तीन-चार महिन्यांनी डाव्या कुशीवर झोपल्यावरच जाणवू लागली, आणि ती तशी राहील असं आम्ही त्यांना सांगितलं आहे. टिकटिक आहेच. मे महिन्यात घरातले सगळे पंखे सुरू झाल्यावर ती कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

एक वळण नंतर आलं. तीन महिन्यांनी दुसरा होल्टर स्वच्छ आला आणि अमियोडॅरॉन बंद झालं. हे औषध शरीरातून फार हळू जातं. वॉरफरिनचा जोर त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे हळूहळू उतरत राहतो, म्हणून त्या काळात आयएनआर दर आठवड्याला करायचं आधीच ठरवलं होतं. पाचव्या आठवड्यात ते १.९ वर आलं. सुनंदाताईंना काहीही त्रास नव्हता, उलट इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. “आता कशाला सुई?” असं त्यांनी विचारलं होतं, आणि नणंद त्यांना हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेल्या. तज्ज्ञांशी बोलून डोस वाढवला, आणि आकडा पुन्हा जागेवर येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी तपासणी केली.

पोळी-भाजी केंद्र सुरू झालं आहे. मळायला यंत्र घेतलं, डबे उचलायला एक मुलगा ठेवला. वरचा डावा कप्पा अजून मोठा आहे, त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशन पुन्हा होऊ शकतं आणि होल्टर अधूनमधून करावा लागेल, हे त्यांना माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्चार्जच्या वेळी दोन वाक्यं पुरली असती: घरी गेल्यावर ठोके जोरात जाणवतील, काही महिने जाणवतील, आणि अमुक झालं तर फोन करा. कागद मराठीत असता तर मेटोप्रोलॉल कशासाठी आहे हे पुतण्यालाही दिसलं असतं. गोळी बंद करण्याआधी ज्याने ती लिहिली त्याला विचारायचं, ही सवय मेडिकल दुकान असलेल्या घरात विशेष लागते.

अमियोडॅरॉन आणि वॉरफरिन एकत्र लिहिलं गेलं त्याच दिवशी आठवड्याच्या आयएनआरच्या तारखाही लिहायला हव्या होत्या. चार आठवड्यांत एकच तपासणी, हा धडधडीपेक्षा मोठा धोका होता, आणि धडधड झाली नसती तर तो कळलाही नसता.

होल्टर लवकर लावता आला असता का, यावर तज्ज्ञांचं आणि माझं पूर्ण एकमत नाही. त्यांच्या मते हिमोग्लोबिन आणि गोळी दुरुस्त केल्याशिवाय लावलेला होल्टर गोंधळ वाढवतो. मला वाटतं, रुग्णालयात एकदा ताल सुटलेला असेल आणि घरी रुग्ण ठोक्यांनी हैराण असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तो लावावा; ताल पकडण्यासाठी तर आहेच, शिवाय रुग्णाला त्याची भीती कागदावर दाखवण्यासाठी.

दातांचं राहून गेलं होतं. शस्त्रक्रियेआधी घाई होती आणि किडलेली दाढ तशीच राहिली. कृत्रिम झडप असलेल्याला दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर बसू शकतात. आणि वॉरफरिन परस्पर बंद करायचं नसतं. दंतवैद्य, हृदयरोगतज्ज्ञ आणि मी अशा तिघांच्या फोनाफोनीनंतर ती दाढ पावसाळ्यात निघाली, आयएनआर २.६ असताना.